अकरा जीबी मोकळी जागा

माझ्या मोठ्या भावाचा आवाज मी एका बुधवारी दुपारी चहा पिता पिता काढून टाकला. त्यासाठी कुठलं हत्यार लागलं नाही. एक माऊस होता आणि गोडाऊनमधल्या नोकरीचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. अनुभव नसता तर काही बिघडलं नसतं, असं माझं आता मत झालं आहे.

आवाज कॉम्प्युटरमध्ये होता. तो तिथे कसा गेला ते आधी सांगतो, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला पुरेसा मोठा वाटणार नाही.

दादा भिवंडीत पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर होता. जॉबर म्हणजे माग बिघडला की मागाला सरळ करणारा आणि कारागीर बिघडला की कारागिराला. चाळीस माग एकदम धडधडत असताना दादा नुसता बोलायचा, आणि शेडच्या त्या टोकाला उभा असलेला माणूस ‘आया उस्ताद’ म्हणत वळायचा. घरी तो त्याच आवाजात मीठ मागायचा. मग त्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. वहिनी त्यावर रोज मलमलीचा धुतलेला तुकडा बांधते. ओठ हलतात, शब्द तयार होतो, पण बाहेर येते ती नुसती हवा.

पहिले काही महिने त्याचं बोलणं मी करायचो. तो ओठ हलवायचा, कागदावर दोन शब्द लिहायचा, उरलेलं मी भरायचो. भरायची मला हौस आहे. त्याच काळात पुतणीला एक स्थळ आलं. ती शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. स्वतः शिकून, दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा परीक्षा देऊन तिथे लागली. पाहुण्यांनी विचारलं, लग्नानंतर कामाचं काय? दादाने मान जोरात हलवली आणि ओठांनी स्पष्ट सांगितलं, काम सोडणार नाही. मला समजलं होतं. पण माणसं चांगली होती, पोहे गरम होते, आणि समोरच्याचं तोंड पडलेलं मला बघवत नाही. मी म्हणालो, “दादा म्हणतो, पुढचं पुढे बघू.”

पाहुण्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. महिनाभराने त्यांनी विचारलं, मुलगी राजीनामा कधी देते? मग त्यांच्या बाजूने आवाज चढले, आमच्या बाजूने माझा चढला, आणि सगळं मोडलं. पुतणी मला काही बोलली नाही. दादाने मात्र कागदाचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या वतीने परत तोंड उघडू नकोस.’

म्हणून कॉम्प्युटर आला. मी काल्हेरच्या ज्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर आहे, तिथे कॉम्प्युटर बघणारा एक हुशार माणूस होता. भंगारात काढलेलं एक मशीन त्याने झाडून पुसून आमच्या शेलार गावातल्या घरी आणलं आणि त्यावर लिनक्स टाकलं. “फुकट असतं काका, आणि असल्या डबड्यावरसुद्धा चालतं. फुल टाकलंय. त्याच्यात जेवढं येतं तेवढं सगळं. कधी काय लागेल सांगता येत नाही.” मग त्याने दादासाठी स्वतःच्या हाताने एक छोटी खिडकी बनवली. दादाने मराठीत टाइप करायचं, हिरवं बटण दाबायचं, की स्पीकर बोलणार.

तो आवाज पहिल्या दिवशी कोणालाच आवडला नाही. पाण्याच्या रिकाम्या पिंपात तोंड घालून कोणी बोलावं तसा होता. दादाने त्या माणसाला शेजारी बसवून आवाज हळू करवला, खाली आणला, वाक्याच्या शेवटी थांबायला लावला. तीन दुपारी त्यात गेल्या. महिनाभरात काय झालं कोणास ठाऊक, तो आवाज दादाचा झाला. वहिनी स्वयंपाकघरातून ‘आले’ म्हणून ओ द्यायला लागली. त्याच आवाजात मला शिव्या बसायच्या आणि मी पूर्वीसारखाच घाबरायचो.

आणि आता पुतणीच्या लग्नाची सुपारी रविवारी होती. मुलगा अंजूरचा, तिनेच पसंत केलेला. आमच्यात सुपारी फोडायच्या आधी मुलीचा बाप चार माणसांसमोर स्वतः बोलतो: मुलगी दिली, आणि काय अट असेल ती अमुक. सुपारी फुटली की त्यानंतर कोणी काही बोललं तर ते धरत नाहीत. दादाने आपलं बोलणं आठवडाभर आधीच टाइप करून ठेवलं होतं. “मुलगी लॅबचं काम सोडणार नाही. लग्नानंतर नाही आणि मूल झाल्यावरही नाही. मान्य असेल तर सुपारी फोडा.” रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तो ते एकदा वाजवून बघायचा. आम्हा सगळ्यांना ते पाठ झालं होतं. पुतणी ऐकू येत नसल्यासारखी भाजी निवडत बसायची, पण तेवढा वेळ तिचे हात थांबायचे.

त्या आठवड्यात मशीन अडखळायला लागलं. ‘मुलगी’ म्हणायचं, मग तुम्ही एक कांदा चिरून होईस्तोवर गप्प बसायचं, मग ‘लॅबचं’ म्हणायचं. पडद्याच्या कोपऱ्यात पाटी यायची की हार्ड डिस्क भरली आहे. दादाने लिहिलं, ‘रविवारी “मुलगी काम सोडणार” एवढंच बोलून बंद पडलं तर?’

वहिनी म्हणाली, “त्या कॉम्प्युटरवाल्याला बोलवा.”

तो नोकरी बदलून वापीला गेला होता. तरी फोन करता आला असता. पण मी म्हणालो, “एवढ्यासाठी माणूस कशाला? गोडाऊन भरलं की रिकामं कोण करतं?”

गोडाऊन मीच रिकामं करतो, हे खरं आहे. त्याची पद्धत सोपी आहे. दर सहा महिन्यांनी हातात खडू घेऊन रॅकमधून फिरायचं. ज्या खोक्याला सहा महिन्यांत कोणी हात लावला नाही, ज्याच्यावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उमटते, तो डेड स्टॉक. त्यावर फुली मारायची. फुली पडली की माल बाहेर. सव्वीस वर्षांत माझी एकही फुली चुकली नाही. एकदा मालकाच्या साडूचं वाढदिवसाचं सामान गेलं होतं, पण त्याला मी गैरसमज म्हणतो.

बुधवारी माझी सुट्टी होती. दादा जेवून फेरी मारायला गेला होता. मी कॉम्प्युटरमधली मालाची यादी उघडली. काय काय होतं म्हणून सांगू. पत्त्यांचे सात खेळ. बर्फावरून घसरणारा एक पेंग्विन. आकाशातले तारे कुठे आहेत ते दाखवणारा प्रोग्राम, आणि आमच्याकडे गच्चीवरून गोडाऊनच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नाही. केमिस्ट्रीचा तक्ता. पियानो. जगातल्या झाडून सगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरचं सामान, आमच्याकडे एकही प्रिंटर नसताना. नकाशावरसुद्धा मला सापडणार नाहीत अशा देशांच्या भाषा. मी फुल्या मारत सुटलो. प्रत्येक फुलीला किती जागा सुटेल त्याचा आकडा वर चढायचा, आणि तो आकडा बघण्यात जे सुख होतं ते मला पगाराच्या दिवशीही मिळालेलं नाही.

मी बेसावध होतो असं कोणी समजू नये. दादाची ती खिडकी मी आधीच बाजूला काढली होती. हिला हात लावायचा नाही, असं कागदावर लिहून पडद्याला चिकटवलंसुद्धा होतं. मराठी अक्षरं ठेवली. आवाजाचा प्रोग्राम म्हणून जो दिसला तोही ठेवला. नंतर कळलं की तो गाणी वाजवायचा होता.

मग यादीत एक प्रोग्राम आला. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा. मी चहाचा घोट घेतला आणि मनाशी म्हणालो, आपल्या घरात आंधळं कोणी नाही. फुली.

त्यावर मशीनने मला एक प्रश्न विचारला. खालच्या वस्तूंची आता कोणाला गरज उरलेली नाही, त्याही काढू का? खाली लांबलचक यादी होती. माणूस कामाचा असेल तर अशी यादी वाचतो. मी गेटपासवर सही करणारा माणूस आहे. पहिल्या पानावर सही करतो, मागच्या पानांवर माल काय आहे ते शिपाई बघतो. इथे शिपाई नव्हता. आणि मशीन स्वतःच म्हणतंय गरज नाही, तर त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. मी हो म्हटलं. त्या यादीत खालून कुठेतरी दादाचा आवाज होता. त्याच्या नावातच ‘बोल’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता, हे मला पुढे फोनवर सांगण्यात आलं.

अकरा जीबी जागा झाली. मी वहिनीला बोलावून आकडा दाखवला. ती म्हणाली, “चांगलं आहे. कप उचला.”

दादा साडेचारला आला. टाइप केलं, हिरवं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. खिडकी जागच्या जागी होती, अक्षरं होती, बटण दाबलं की आत जात होतं आणि बाहेर येत होतं. दादाने स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मी काय केलं? वाकून स्पीकरची वायर हलवली.

“स्पीकर गेला असेल,” मी म्हणालो.

खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. मी वायर हलवत होतो, फुंकर मारत होतो, मागून ठोकत होतो, आणि आतून मला ठाऊक होतं की स्पीकरला काही झालेलं नाही. गुरुवारी अर्धी ड्युटी टाकून मी भिवंडीत जाऊन नवा स्पीकर आणला. दुकानदार म्हणाला, बेस एकदम जबरदस्त है. मी मान डोलावली. गेलेल्या माणसाला चप्पल घेऊन द्यावी तसा तो स्पीकर मी मांडीवर धरून रिक्षाने घरी आणला. येताना देवाला सांगितलं की या एका वेळी खरोखर स्पीकरच गेलेला असू दे.

नवा स्पीकर लावला. दादाने बटण दाबलं. शांतता. वहिनीने पुढे होऊन, कॉम्प्युटरवर तिला जे एकच येतं ते केलं: देवाची आरती लावली. झांजांनी घर दणाणलं.

“स्पीकर तर चांगला आहे भावजी,” वहिनी म्हणाली. “जुना पण चांगलाच असेल मग.”

आरती संपली. मग मी सांगितलं. खडू, फुल्या, पेंग्विन, आंधळ्यांचा प्रोग्राम, शेवटची यादी, सगळं. सांगताना मी दादाच्या गळ्यावरच्या फडक्याकडे बघत होतो. श्वासाबरोबर ते आत जायचं, फुगायचं. तेवढ्याचाच आवाज होता. पुतणी दारात उभी होती, लॅबची बॅग खांद्यावर तशीच.

दादाने कागद ओढला. लिहिलं, ‘किती जागा झाली?’

“अकरा जीबी.”

‘छान. आता तिथे तू बस.’

तो हसला नाही. विनोद करून जो माणूस हसत नाही त्याच्यासमोर बसणं फार कठीण असतं. त्यानंतर त्याने कागदही बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. माझा भाऊ दुसऱ्यांदा मुका झाला होता. पहिल्या वेळी निदान डॉक्टरांनी त्याची सही घेतली होती.

पुतणीने आपला मोबाईल काढला. मोबाईलही मराठी वाचून दाखवतो. दादाची बोटं मागाच्या कामाने जाड आणि वाकडी झालेली. त्या एवढ्याशा अक्षरांवर ती बसेनात, तेव्हा तिनेच ते वाक्य टाइप केलं. मोबाईल बोलला. आवाज पंचविशीतल्या बाईचा, गोड, बँकेत खातं उघडायला बसल्यासारखा. “मुलगी लॅबचं काम सोडणार नाही.”

वहिनी म्हणाली, “ही कोण घरात आली?”

दादाने मोबाईल उचलून गादीवर पालथा ठेवला.

नंतर पुतणी माझ्याबरोबर बाहेरच्या ओट्यापर्यंत आली. मला वाटलं आता बोलेल, आणि मला ते हवंही होतं. ती म्हणाली, “काका, एक सांगू? रविवारी काही झालं तरी पप्पांच्या बदली तुम्ही बोलू नका. एवढंच.” ती हे रागाने बोलली असती तर मी रात्री झोपलो असतो.

शुक्रवारी सकाळी वापीला फोन लावला. कॉम्प्युटरवाला नव्या कंपनीत शिफ्टला होता, त्याला फक्त जेवणाच्या सुट्टीत बोलता येणार होतं. तोपर्यंत मी कॉम्प्युटरची कचरापेटी उपसली. मला वाटलं, काढलेला माल तिथे पडला असेल. तिथे पुतणीचे दोन नको असलेले फोटो होते. गोडाऊनमधून बाहेर काढलेला माल निदान भंगारवाल्याकडे तरी सापडतो.

दीड वाजता तो फोनवर आला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, ती खिडकी मी हाताने बनवलेली. ती कोणाच्या जिवावर बोलते याची मशीनकडे नोंदच नव्हती. म्हणून मशीनला वाटलं, आवाज कोणाला लागत नाही.”

“म्हणजे बिल नसलेला माल.”

“तसंच. पण यादी वाचायची ना काका.”

“परत टाकता येईल का?”

“एका ओळीचं काम आहे. नेट जोडा.”

माझ्या मोबाईलचं नेट जोडलं. त्याने सांगितलेली ओळ एका बोटाने टाइप केली. मशीन म्हणालं, सापडलं नाही. पुन्हा केली. सापडलं नाही. त्याने मला पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगितलं, आणि फोटो बघून त्याच्या तोंडून जो श्वास सुटला तो मला वापीपासून ऐकू आला. आमचं लिनक्स जुनं झालं होतं. ज्या दुकानातून त्याचा माल यायचा ते दुकान तिथून हललं होतं. नवा पत्ता मशीनला समजावून द्यावा लागणार होता, आणि त्याची सुट्टी संपली होती. “उद्या,” तो म्हणाला. “उद्या याच वेळेला. तोपर्यंत कशाला हात लावू नका. काका, खरंच लावू नका.”

मी चोवीस तास हात मागे बांधून घरात फिरलो. गोडाऊनला आजारी असल्याचं कळवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. वहिनी रविवारसाठी घर सारवल्यासारखं पुसत होती, खुर्च्या मागवत होती, आणि माझ्याजवळून जाताना खुर्चीशी बोलावं तसं माझ्याशी बोलत होती: “जरा सरका.”

शनिवारी दीडला फोन आला आणि दीड वाजून पाच मिनिटांनी लाईट गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. पावणेतीनला लाईट आली तेव्हा तो कामावर परत गेला होता, पण त्याने सगळ्या ओळी मोबाईलवर लिहून पाठवल्या होत्या. चौदा ओळी. त्यातल्या एकीचाही अर्थ मला लागत नव्हता. मी एक अक्षर मोबाईलवर बघायचो, एक कॉम्प्युटरवर दाबायचो. पाचव्या ओळीत मशीन चिडलं. कुठे चुकलं ते दिसेना. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून चष्मा पुसला, मग कळलं चष्मा स्वच्छ होता.

दादा येऊन मागे उभा राहिला होता. त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि एका जाड बोटाने पडद्यावर एक जागा दाखवली. दोन शब्दांच्या मध्ये मी मोकळी जागाच सोडली नव्हती. तीन दिवसांपूर्वी अकरा जीबी मोकळी करणाऱ्या माणसाला एवढीशी जागा सोडायला जमलं नव्हतं. जॉबरचा डोळा. कापडातला तुटलेला एक धागा त्याला लांबून दिसायचा. मग तो बसलाच शेजारी. मी दाबायचो, तो बघायचा. चुकलो की खांद्यावर बोट मारायचा. चौदा ओळी संध्याकाळपर्यंत पुरल्या. शेवटी माल उतरायला लागला, माझ्या मोबाईलच्या नेटवरून, थेंब थेंब, आणि मध्येच नेटचा दिवसाचा कोटा संपला.

रविवारी सकाळी सहाला उरलेलं उतरलं. पाहुणे अकराला येणार होते. दादाने आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, नवं फडकं बांधलं आणि हिरवं बटण दाबलं.

आवाज आला. एकाच श्वासात, बाजारात लिलाव पुकारावा तसा, बारीक, घाईत, सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर चढलेले. ती तीन तयार वाक्यं आम्हाला पाठ होती तरी आम्हाला कळली नाहीत. हळू करणं, खाली आणणं, थांबवणं, त्या माणसाने तीन दुपारी दादाशेजारी बसून जे बसवलं होतं, ते सगळं त्या मालाबरोबर गेलं होतं. आलं ते कोरं. वापीचा फोन बंद होता. रविवार म्हणून माणूस झोपला असणार. दादा पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिला, आणि दर वेळी तो परका इसम तेवढ्याच घाईने काहीतरी बरळून गेला. मग दादा थांबला. हात मांडीवर ठेवून बसला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

अंजूरची माणसं वेळेवर आली. मुलाचा बाप, आई, मामा, आणि दोन्हीकडची जाणती अशी चार माणसं. मुलाचा बाप पूर्वी शेतकरी, आता त्याचे टेम्पो चालतात, बोलणं गावचंच. चहा झाला, ताटात सुपारी आली, अडकित्ता आला. तो म्हणाला, “हां पाव्हणं. काय बोलायचा ते बोला.”

दादाने बटण दाबलं.

आवाज आला आणि गेला. मग एकेकाची मान माझ्याकडे वळली, कारण या घरात मी बोलतो हे सगळ्यांना माहीत आहे.

“काय बोलले?” मुलाच्या बापाने मला विचारलं.

मी पुतणीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विनंती नव्हती. शेडमध्ये कारागिराकडे बघावं तसा बघत होता. खरं सांगतो, माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, गूळ लावलेलं: दादाची अट अशी काही नाही, फक्त मुलीला कामाची आवड आहे, तेव्हा बघू. ते ओठांपर्यंत आलंही होतं. ते गिळायला मला पाणी लागलं.

“दादा म्हणतो,” मी म्हणालो, “मुलगी लॅबचं काम सोडणार नाही. लग्नानंतर नाही आणि मूल झाल्यावरही नाही. मान्य असेल तर सुपारी फोडा.”

मामाने चहाचा कप खाली ठेवला.

मुलाचा बाप म्हणाला, “ह्ये तुमी बोलता का ते?”

“ते.”

“मंग परत बोला. मना नीट समजला पायजे.”

दुसऱ्यांदा ते जास्त कठीण गेलं, कारण आता समोरच्याचं तोंड खरोखर पडलेलं होतं आणि मला ते बघत बोलायचं होतं. मी बोललो. एकही शब्द खाली पडू दिला नाही. बाहेर रस्त्यावरून एक कंटेनर गिअर बदलत गेला.

मुलाची आई इतका वेळ पदर सावरत गप्प होती. ती नवऱ्याला म्हणाली, “बघता काय? आपल्याकडं आता काय भात लावायचा न्हाय, का झोडायचा न्हाय. शेतात गोडाऊन हाय. घरी बसून ती काय गोडाऊनची राखण करनार?”

“मी कुठं न्हाय बोललो?” तो म्हणाला. “मी परत बोला बोललो.”

आणि त्याने अडकित्ता उचलला.

सुपारी फुटली तसा दादा कॉम्प्युटरकडे वळला आणि सावकाश, एकेक अक्षर दाबत काहीतरी टाइप करू लागला. सगळे थांबले. पुतणी रडत होती आणि वहिनी तिला गप्प करता करता स्वतः रडत होती. दादाने बटण दाबलं. लिलाव झाला. पुन्हा सगळ्या माना माझ्याकडे.

मी पडद्यावर वाकलो आणि वाचलं. वाचून पुन्हा वाचलं. दादाने हाताने खूण केली: चल, बोल.

“दादा म्हणतो,” मी म्हणालो, “हा आवाज असा का येतो असं तुम्हाला वाटत असेल. आधी चांगला होता. माझ्या या भावाने बुधवारी तो कचरा समजून काढून टाकला. पोरगी तुमच्याकडे देतो आहे, पण तुमच्या घरातल्या कुठल्याही मशीनला याला हात लावू देऊ नका.”

कोणी तरी खोकल्यासारखं हसलं. मुलाच्या बापाने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“ह्ये पन त्येच बोलले?”

“तेच.”

“जसाच्या तसा?”

“शब्द न् शब्द,” मी म्हणालो.